कुंकवाच्या खुणेवर बसवलेलं इंजिन

प्रिय आक्का,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर फिर्याद आहे. माझं उपरणं खराब झालं. साधंसुधं नव्हे, पाठशाळेतून निघताना गुरुजींनी खांद्यावर घातलं होतं ते. तू ज्याला ‘पोपटाच्या पिंजऱ्यावरचं फडकं’ म्हणायचीस ते. त्यावर आता तुझ्या इंजिनाचा हातभर काळा डाग आहे, आणि डागाच्या मधोमध काहीतरी तांबडं. रिठा लावला, राख लावली, तुझ्या लेकीनं, शिवलीलानं, दगडावर आपटून पाहिलं. डाग हलत नाही. स्वभावानं तो तुझ्यावर गेला आहे.

माझ्या फिर्यादी ऐकून घेणारी तू एकटीच होतीस, म्हणून लिहायला बसलो. जेठात तुला माती दिली तेव्हापासून बोलायचं साठलं होतं, पण आज तसं कारणही आहे. काल पोळा झाला आणि आज सकाळपासून तुझी चक्की पुन्हा चालू आहे. तुझ्याच जागेवर, पोत्यावर बसून हे लिहितो आहे. अक्षर वाकडं येतंय ते जमीन हादरते म्हणून. दुसरंही एक कारण आहे, पण ते शेवटी सांगेन.

आक्का, तुझ्या माघारी इंजिन नीट राहिलं नाही. तूच त्याला लाडावून ठेवलं होतंस. चालता चालता धापा टाकायचं, काळा धूर ओकायचं, आणि एक दिवस भर दुपारी आपलं आपणच बंद पडलं. दुसऱ्या कुठल्या गावात चक्की बंद पडली तर बायका कुरकुरतात. आपल्या गावात काय होतं, ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक? ती युक्ती तुझीच ना?

बंदूकवाल्यांच्या त्या लॉऱ्या नळदुर्गाच्या रस्त्यानं फिरायला लागल्या, आणि पलीकडच्या गावात काय झालं ते आपल्या कानावर आलं, तेव्हा तू पारापाशी बायका जमवल्यास. भाषण केलं नाहीस, चुलीवरचं दूध उतू जाईल असं सांगावं तसं सांगितलंस. चक्की गावाबाहेर रस्त्यालगत आहे, कोण येतंय ते तिला आधी दिसतं. चक्कीचा आवाज येतोय तोवर चूल पेटवा. आवाज थांबला की भाकरी तव्यावर असली तरी तशीच टाका, लेकरं उचला आणि ओढ्याच्या कपारीत शिरा. संध्याकाळी देवळातली घंटा झाल्यावर थांबला तर भ्यायचं नाही. घंटेआधी थांबला तर कोणाची वाट बघायची नाही. आणि मग दळण असो वा नसो, तू पट्टा उतरवून दिवसभर इंजिन मोकळं चालवत बसलीस. मी म्हणालो होतो, आक्का, रिकामं दळतेस. तू म्हणालीस, तुझ्या पाठशाळेत दुसरं काय करत होते?

तर त्या दुपारी इंजिन बंद पडलं आणि गाव ओढ्यात गेलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चार दिवसांनी पुन्हा तेच. त्या वेळी वस्तीवरची म्हातारी धनगरीण उतारावर पडली आणि तिचा हात मोडला. हात गळ्यात बांधून ती चक्कीपुढं येऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “स्वामी, आता म्या पळायची न्हाय.” मला त्या क्षणी कळलं की तिसऱ्यांदा कोणीच पळणार नाही. आणि तिसरी वेळ खरी असली तर?

म्हणून इंजिन उघडायचं ठरलं. सोलापूरच्या मिस्त्रीला सरहद्दीच्या नाक्यावरून आत येऊ देईनात. त्यानं दट्ट्याच्या नव्या रिंगा तेवढ्या मिरच्यांच्या पोत्यात घालून पाठवल्या. त्या बसवताना आम्ही इंजिनावर एवढे शिंकलो की कोणाला वाटावं, मंगलाष्टकं चालली आहेत. आम्ही म्हणजे मी, तुझी शिवलीला आणि बाबूमिया. तोच बाबूमिया, लॉरी घेऊन हैदराबादपर्यंत जाऊन आलेला आणि त्या रस्त्यापेक्षा लांब गोष्टी सांगणारा. आवाज थांबला की त्याची बायकोही आपल्याच बायकांबरोबर ओढ्यात पळते. कपारीत बसल्यावर कोणाला जात विचारायला सवड नसते.

बाबूमियानं एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन पोत्यावर मांडला. आतल्या त्या दोन दातेरी चाकांपर्यंत तो आला आणि शिवलीलानं त्याचा हात धरला. दोन्ही चाकांवर तुझं कुंकू होतं. तेलात मळलेलं, वाळून घट्ट झालेलं, लहान चाकाच्या एका दातावर एक बोट, मोठ्याच्या एका दातावर एक बोट.

“चाचा, ती चाकं धुवायची न्हाईत,” ती म्हणाली. “अव्वाचं बोट हाय त्ये.”

बाबूमियानं ती चाकं उजेडात धरली आणि त्याचा चेहरा खुलला. “धोना किसकू है? आक्का निशानी लगाके गई. ये दात से ये दात.”

कोणत्या दाताशी कोणता दात बसवायचा याची खूण असते, हे मला ऐकून माहीत होतं. तू ती आमच्यासाठी करून ठेवलीस, या विचारानं मी तर गहिवरलो. न धुता, नुसती वरवर पुसून, कुंकवाला कुंकू भिडवून आम्ही ती चाकं बसवली. किती भक्तिभावानं बसवली म्हणून सांगू? तू असतीस तर पाना फेकून मारला असतास.

इंजिन सुरू होईना.

हँडल मारून मारून बाबूमियाचे खांदे उतरले. चाक गरगर फिरायचं, दाबाची खिट्टी सोडली की ‘फस्स’ व्हायचं, नळीतून पांढरा धूर यायचा आणि सगळं शांत. आक्का, आमच्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी ओळखायला शिकवतात. उभा जन्म मी मुलांना तेच घोकवलं. इथं डोळ्यांदेखत धूर होता आणि अग्नीचा पत्ता नव्हता. गुरुजी गेले ते बरं झालं.

बाबूमिया म्हणाला, तेलाच्या नळीत हवा अडकली. नळी ढिली करून बुडबुडे जाईपर्यंत तेल सोडलं. फस्स. मग म्हणाला, दाब धरत नसेल. चाक उलटं ढकलून पाहिलं, तर त्यानं जावयासारखं आम्हालाच मागं लोटलं. म्हणजे दाब होता. मग तेलाची पिचकारी काढून बाहेर धरली. तेल अत्तरदाणीसारखं बारीक उडत होतं. सगळं ठीक, आणि तरी फस्स. एकदा तर हँडल उलटं फिरलं आणि बाबूमियाचं मनगट सुजलं. मग गावातून लिंबू-मिरची आली. मिरची इंजिनात आधीच पुरेशी गेली होती.

मला तर ऐकू यायचंच थांबलं होतं, इतकं सगळं शांत. हसू नकोस. आवाज नसला की गाव कसं होतं, तुला माहीत नाही. तू असताना कधी आवाज नव्हता असं झालंच नाही. बायका विहिरीवर एक घागर भरायच्या आणि मान वळवून रस्त्याकडं बघायच्या. लेकरांना उन्हातसुद्धा चपला घालून ठेवायच्या. कुत्रं भुंकलं तरी उंबऱ्यावर कोणीतरी उभं राहायचं. ज्यांच्याकडं गाड्या होत्या ते सोलापूरच्या बाजूला निघून गेले. ज्यांच्याकडं नव्हत्या ते रोज संध्याकाळी मला येऊन विचारायचे, स्वामी, चालू झालं का? प्रसादाला यावं तसे यायचे आणि तसेच परत जायचे.

आणि मग ती लॉरी आली, आक्का.

सकाळची वेळ होती. इंजिन उघडं पडलं होतं, आम्ही तिघंही त्यात डोकं घालून बसलो होतो. रस्त्याकडं कोणीच बघत नव्हतं. लॉरी चक्कीसमोर थांबली तेव्हा मी मान वर केली. लॉरीतल्या माणसांच्या खांद्याला बंदुका. उतरून पाणी मागितलं. शिवलीलानं तांब्या दिला. त्यांतला एक पाणी पिताना तांब्यावरून तिच्याकडं बघत होता. पाणी संपलं तरी तांब्या खाली करीना.

“चक्की बंद क्यूं है?” त्यानं विचारलं.

बाबूमिया मध्ये येऊन उभा राहिला. खराब आहे, मालकीण वारली, दुरुस्तीला माणूस मिळत नाही, असं लांबण लावून सांगत राहिला. त्याच्या लांब गोष्टींचा मला पहिल्यांदा आधार वाटला. त्या माणसानं तांब्या जमिनीवर ठेवला, शिवलीलाच्या हातात दिला नाही. “फिर आएंगे,” म्हणाला आणि गेले.

काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. पण मागं वळून पाहिलं तर गावात धुणी वाळत होती, जात्यावर कोणीतरी ओवी म्हणत होतं, पारावर लेकरं खेळत होती. कोणालाही काहीही कळलं नव्हतं.

शिवलीलाला मी म्हणालो, तू सोलापूरला जा, मामीच्या माहेरी. ती म्हणाली, “मामा, अव्वा गेली व्हती का?” हे उत्तर तूच तिच्या तोंडात घालून गेलीस. दुसऱ्या कोणाचं असणार?

काल पोळा. वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. ज्यांचे बैल उरले होते त्यांनी दारातच पुजले. शिवलीलानं आपल्या ढवळ्याला धुतलं, ओवाळलं आणि बोटानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. बैलानं मान झटकली, बोट घसरलं आणि कुंकू त्याच्या तोंडाला लागलं. ती त्याला रागावली, “मेल्या, कपाळ वर हाय तुझं.”

आणि मला तू दिसलीस. गेल्या साली खंडेनवमीला तू इंजिनाचं झाकण उघडून, पाटावर उभी राहून आतल्या चाकांना कुंकू लावत होतीस. दाजी गेल्यापासून तुझ्या स्वतःच्या कपाळावर भस्माशिवाय काही नव्हतं, पण त्या लोखंडाला मात्र दरसाल ठसठशीत कुंकू. मी तुला चिडवलं होतं. म्हटलं, दोन चाकं जिथं एकमेकांत अडकतात तिथं लाव, संसार तिथं आहे. तू काय म्हणालीस, आठवतं?

“कुंकू कपाळाला लावत्यात रे, दातात कोण लावतंय?”

तू प्रत्येक चाकाच्या डोक्यावर कुंकू लावलं होतंस, आक्का. वरच्या बाजूला, त्याच्या कपाळावर. चाकं जुळवायची ती खूणच नव्हती! आणि आम्ही एकाचं कपाळ दुसऱ्याच्या कपाळावर आपटून बसवलं होतं. तेल भलत्याच वेळी उडत होतं, झडपा भलत्याच वेळी उघडत होत्या. धूर निघेल नाही तर काय? मग खरी खूण कुठं होती? तुझं बोट पुसायचं नाही म्हणून आम्ही जे किटण धुतलंच नव्हतं, त्याच्या खाली.

शिवलीलाला सांगितलं. ती कितीतरी वेळ चाकं मांडीवर घेऊन बसली. बाबूमियानं रॉकेलची वाटी तिच्याजवळ सरकवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. फडकं शोधायला कोणी उठेना, म्हणून मी खांद्यावरचं उपरणं काढून दिलं. तिनंच पुसलं. कुंकू गेलं, किटण गेलं, आणि दोन्ही चाकांवर ठोशानं मारलेला एकेक बारीक ठिपका दिसला. ठिपक्याला ठिपका भिडवला आणि चाकांना त्यांची जागा मिळाली.

उपरण्यावरचा तांबडा डाग कसला, ते आता तुला कळलं असेल. फिर्याद मी मागं घेतो.

आज सकाळी बाबूमियानं दुखऱ्या हातानं हँडल मारलं. एकदा फस्स. दुसऱ्यांदा ‘धुड्’ झालं, मग ‘धुड् धुड्’, आणि मग तो तुझा आवाज सुरू झाला. गावात कोणी आरडाओरडा केला नाही. दारं उघडली तेवढी. थोड्या वेळानं ती म्हातारी धनगरीण, हात अजून गळ्यात, डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन आली. म्हणाली, “जाडं दळा, पर थांबू नगा.”

आता शेवटचं सांगतो.

इंजिन बिघडलं होतं तोवर मला वाटत होतं, माझी सगळी भीती त्या बिघाडाची आहे. सुरू झालं की निवांत झोपेन. सकाळी ते सुरू झालं आणि शिवलीला येऊन तुझ्या पोत्यावर बसली. रस्त्याकडं तोंड, हात बंद करायच्या खिट्टीजवळ. अगदी तुझ्यासारखी. तेव्हा मला कळलं की आवाज थांबवणारा माणूस सगळ्यांत शेवटी पळतो. सगळं गाव ओढ्यात पोचतं तेव्हा तो चक्कीत असतो, आणि आवाज कोणी थांबवला हे लॉरीवाल्यांना विचारावं लागत नाही. तू रोज हे जाणून इथं बसत होतीस ना? आणि मी तुला म्हणत होतो, रिकामं दळतेस.

मी तिला उठवलं. ती म्हणाली, “मामा, तुमाला वळणावरचं झाड दिसत न्हाय, लॉरी काय दिसंल?” खरं आहे. मग भांडून तोड काढली. ती मागच्या टेकाडावर बसेल, ओढ्याच्या वाटेवर. रस्त्यावर काही दिसलं की पदर हलवेल आणि खाली उतरेल, मागं बघणार नाही. पदर मला इथून दिसतो, मी पाहून ठेवलं आहे. खिट्टी मी ओढीन. बाबूमिया म्हणतो तो माझ्याजवळ बसेल. मी नको म्हटलं, तो ऐकत नाही.

वचन देतो, आक्का. आधी खिट्टी, मग पाय. शिवलीला या पोत्यावर बसणार नाही आणि घंटेआधी हा आवाज उगाच थांबणार नाही.

पण तुझ्यापाशी काय लपवायचं? मला पळता येईल की नाही याची भीती आहेच, पण ती मोठी नाही. मोठी भीती ही, की पदर हललेला दिसेल आणि खिट्टी ओढायच्या आधीच माझे पाय उठतील.

तुझा धाकटा,
चन्नय्या