गरम लागेपर्यंत

दोंगग्वान, ता. ९ ऑक्टोबर १९९५

ती. गुइझीताईस, शुगेनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्यात चार दिवस पडून होतं. बाबांचं डावं अंग गेलं, वाचा गेली, आणि मी इथे बुटांना तळवे चिकटवतोय. रजा मागितली तर मुकादम म्हणाला, खुशाल जा, पण परत तोंड दाखवू नकोस. वर्षातली ही तिसरी जागा, ताई. आता चौथी कुठे शोधू?

दवाखान्यातून घरी आणलंस ना, मग शेक सुरू कर. बाबांनी तीस वर्षं साऱ्या गावाला शेक दिला, त्यांनाच मिळू नये? माळ्यावर तीन वर्षं मुरवलेल्या आय-पाल्याच्या, म्हणजे शेकाच्या त्या औषधी पाल्याच्या, जाड विड्या आहेत, त्याच पेटवून घे. ताजा पाला चटका देतो. आधी टाळूवर, म्हणजे मेंदू राखला जाईल. मग डाव्या पावलावर. पेटतं टोक कातडीपासून इंचभर वर धर, आणि बाबा गरम लागल्याची खूण करेपर्यंत हलवू नकोस.

मुलींना ही विद्या द्यायची नाही ही आपल्या घरची रीत, म्हणून फोड करून लिहिलं. बाबा रागावले तर सांग, पळपुट्या वारसाचा हुकूम आहे!

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा शुगेन

छीचुन, ता. ६ नोव्हेंबर

चि. शुगेन यास आशीर्वाद.

तू लिहिलंस तसंच केलं. टाळूवर शेक दिला की बाबांचा चेहरा निवळायचा. पावलावर धरून विचारलं, गरम लागतं का, तर मानेनेच नाही म्हणायचे. मी विडी तशीच धरून ठेवायची. पुन्हा विचारलं की पुन्हा नाही. पाचव्या दिवशी मोठा फोड आला. शेजारणी म्हणाल्या, फोड आला म्हणजे गुण येतोय. मीही खूश झाले, वेडी. मग पाऊल काळं पडलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी पायाची दोन बोटं काढली.

काल लो काकू आल्या होत्या. म्हणाल्या, माझ्या बधिर पायाला शेक देताना तुझा बाप स्वतःच्या हाताची बोटं शेजारी टेकवून ठेवायचा, त्याला पोळलं की विडी उचलायचा. ऐकून मला रडूच फुटलं.

गावात बोलतात, पोरीचा हात लागला, विद्या बाटली. बाबांनाही तेच वाटतं. माझ्या हातचं जेवत नाहीत, टाळूलाही हात लावू देत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. शेक कुणी सांगितला ते मी बोलले नाही. तुझं नाव काढलं की तेवढे डोळे उघडतात.

शुगेन, बोटं टेकवायचं तुला ठाऊक होतं का?

प्रकृतीला जप.
तुझी ताई

दोंगग्वान, ता. १७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी बाबांनी माझी बोटं धरून शिकवलं होतं. लिहायला बसलो तेव्हा आठवलंही होतं. वाटलं, सगळंच ताईला सांगितलं तर ती सासरी घेऊन जाईल, मग माझ्याकडे काय उरेल? शिकलो अर्धवट, पळालो, पण वारस म्हणवून घ्यायची हौस गेली नाही. म्हटलं, बाबांना गरम लागलं की ते सांगतीलच. ज्या पायाला काही कळतच नाही तो काय सांगणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शपथेवर सांगतो, नाही आलं.

तू माझं नाव झाकलंस. तुझे पाय धरावेत की तुझ्यावर चिडावं, कळत नाही. असं झाकून झाकूनच मी असा झालो.

बाबांना ऐकू येतं ना? मग लो काकूंना आणि त्या बोलघेवड्या शेजारणींना बोलाव, आणि हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. मधलं एक अक्षर गाळू नकोस. नंतर माझं नाव काढल्यावर त्यांनी डोळे उघडले नाहीत तर मला तसं कळव. मग तू ताट पुढे कर. ते जेवतील.

लोभ मागायला तोंड नाही.
शुगेन