सातव्या होलचा साक्षीदार

वर्लिन,

मी मैदानावर पुढे जातेय. रुग्णवाहिकेसाठी पैसे जमवायची गोल्फ स्पर्धा म्हणजे सात वाजल्यापासून लोक दारात हजर. कॅसरोल ओव्हनमध्ये आहे, ते खाऊन ये. नुसत्या कॉफीवर निघू नकोस.

आणि हो, सातव्या होलवर खुर्ची टाकून बसायचं काम आता तुझं नाही. तिथे एका फटक्यात चेंडू आत घालणाऱ्याला मोटार बक्षीस आहे ना, त्या बक्षिसाचा विमा उतरवलाय. त्या कंपनीला साक्षीदार परका लागतो. खेळाडूचा नातलग चालत नाही. तुझा फॉर्म भरताना प्रश्न आला, ‘खेळणाऱ्यांत तुमचं कुणी आहे का?’

कर्टिस खेळतोय. सहा वर्षं तू गावभर सांगतोस, मला मुलगा नाही म्हणून. ते मी ऐकून घेतलं, पण कागदावर लिहायला माझा हात धजेना. मी ‘हो, मुलगा’ असं लिहिलं. त्यांनी तुझं नाव खोडलं.

चौघांनी मिळून खेळायचं असतं, आणि कर्टिसच्या गटात एक जण कमी आहे. तुझे गोल्फचे बूट पुसून दाराशी ठेवलेत. पहिला फटका आठला. रागवायचं असेल तर तिथे येऊन रागव.

लोर्ना