तोफेचं कपाळ

माय, तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं, त्याच्या कितीतरी पुढं मी आता आले आहे. तुला अक्षर येत नव्हतं आणि तेव्हा मलाही येत नव्हतं. मी लिहायला शिकले ती सासरी, इथं अकोल्यात, नवऱ्याच्या पाटीवर. ते मास्तर होते, आता थोरला मुलगाही मास्तर आहे. परवा संध्याकाळी तो शाळेतून आला, पाय धुतले आणि न जेवता ओट्यावर बसून राहिला. विचारलं तर म्हणाला, जुन्या शहरातली चार वजनदार माणसं आली होती, सरकारी शाळेत रोज सकाळी आरती व्हावी असं त्यांचं म्हणणं आहे. मुसलमानांची मुलं तेवढा वेळ बाहेर उभी राहतील, त्यांनी आजवर कधी तक्रार केलेली नाही, असंही म्हणाले. मी त्याला ताट वाढलं आणि तो जेवत असताना तुझी तोफेची हकिगत सांगितली. सांगून झाल्यावर वाटलं, ही एकदा तुझ्याशीही बोलून घ्यावी. आपण दोघी त्याबद्दल नंतर कधी बोललोच नाही.

तुला आठवते ना अमरावतीच्या बाहेरची ती छावणी. शिपायांच्या लाइनीतल्या आपल्या दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड आणि त्यापलीकडं तोफखान्याचं मैदान. फौज नावाला निजामाची, हुकूम गोऱ्या साहेबांचा. बाबा तोफखान्यात जमादार. कुठं तरी समुद्रापलीकडं लढाई लागली होती आणि तिच्यामुळं आपल्या काळ्या रानातल्या कापसाला कोणी ऐकला नव्हता असा भाव आला होता. रस्त्यानं दिवसभर गाड्यांची रांग, धुळीत उडणारी सरकी, रुई. कोणा एकानं गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली असं लोक सांगायचे. मी ते चाक पाहायला किती दिवस रस्त्यावर उभी राहत होते, मला कधी दिसलं नाही. तू मात्र ज्वारी महाग झाली म्हणून कुरकुरायचीस. समदे कापूस पेरून राहिले, खातील काय, रुई? असं तू जात्यावर बसून म्हणायचीस.

दसऱ्याला तोफांची पूजा व्हायची. बाबा आणि त्यांची माणसं चिंचेनं घासघासून ती पितळी तोफ सोन्यासारखी करायची, झेंडूच्या माळा घालायची आणि मग जमादाराची सवाशीण म्हणून तू पुढं व्हायचीस. हिरवं लुगडं, हातात ताट, आणि समोर एवढे मिशाळ शिपाई ताठ उभे. तोफेच्या तोंडाशी वरच्या बाजूला एक सपाट जागा होती, तिला तू तोफेचं कपाळ म्हणायचीस. तिथं तू कुंकवाची पाच बोटं उठवायचीस. त्या दिवशी तुझ्यासारखी बाई अख्ख्या छावणीत नसे. मी तुझ्या पदराला धरून उभी असे आणि मला वाटायचं, ही तोफ आपलीच आहे.

त्या सालात गावातल्या एका कापसाच्या शेटजीनं नवस फेडला. त्याच्या रोकडीच्या गाड्या पलटणीच्या बंदोबस्तात सुखरूप आल्या होत्या. त्यानं अंबादेवीचं नाव कोरलेली चांदीची पाटी करून आणली आणि ती तोफेच्या त्याच जागेवर कायमची बसवावी म्हणून अर्ज केला. आधीचे कप्तान साहेब जायच्या घाईत होते. त्यांनी मान हलवली आणि पाटी बसली. तू त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक केलास. दसऱ्याचं कुंकू चार दिवसांत पुसलं जायचं, आता देवी तिथं बाराही महिने राहणार म्हणून तुला कोण आनंद झाला होता.

मग नवे कप्तान आले. तरुण होते, आणि माणूस वाईट नव्हता. पटकीच्या साथीत आजारी शिपायांच्या उशाशी स्वतः बसायचे, हे तूच सांगायचीस. ते फार देवभोळे होते, त्यांच्या रीतीनं. त्यांनी ती पाटी पाहिली आणि एक दिवस तांबट बोलावून तोफेच्या दुसऱ्या बाजूला आपल्या पोथीतली एक ओळ त्यांच्या लिपीत कोरून घेतली. छावणीतल्या दुभाष्या मुनशीनं अर्थ सांगितला, त्यात दिव्याची आणि वाटेची काहीतरी गोष्ट होती. तू बाबांना म्हणालीस, दिव्यात वाईट काय हाय? पण लाइनीत त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. काडतुसांचं प्रकरण होऊन फार वर्षं झाली नव्हती. हात लावला की धर्म गेला, असं एकानं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कवायतीला गोलंदाज तोफेपासून हातभर लांब उभे राहिले. हुकूम झाला तरी हलले नाहीत. हुकूम मोडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळत नव्हतं. तुझा चेहरा पाहून थोडं कळलं. शेजारच्या बायका चुलीपाशी बसून हळू आवाजात बोलायच्या, कोणाच्या भावाला मागं कुठं झाडाला टांगलं होतं ते.

बाबा साहेबांकडं गेले. राणीचा जाहीरनामा याच मैदानात वाचून दाखवला होता, सरकार कोणाच्या धर्मात हात घालणार नाही असा. बाबांनी त्याची आठवण दिली आणि ती ओळ काढावी असं विनवलं. साहेब शांतपणे म्हणाले, तुमच्या देवीचं नाव तिथं आहे ते मी काढलं नाही. मग तिच्या शेजारी माझ्या देवाचे चार शब्द का नकोत? साहेबांनी दोन दिवसांची मुदत दिली. त्यानंतर वर कळवणं त्यांना भाग होतं.

त्या संध्याकाळी बाबांबरोबर चाचा आले. बाबांच्या हाताखालचे सगळ्यात जुने गोलंदाज, तोफेच्या तोंडाशी उभं राहून बार ठासायचं काम त्यांचं. लाइनीत मी सोडून सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. ते नेहमीप्रमाणं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसले, त्यांचा वेगळा पेला तू त्यांना दिलास. तू भाकरी थापत होतीस. बाबा साहेबांचं बोलणं सांगत होते आणि तू रागानं म्हणालीस, की देवीचं नाव कोणाच्या आड आलं? इतकी वर्षं कुंकू लावून राहिली मी, कोणी काही म्हटलं काय? चाचा पाण्याकडं पाहत होते. मला आठवतं, तुझा भाकरी थापायचा हात थांबला. तू त्यांच्याकडं वळलीस आणि वेगळ्याच आवाजात विचारलंस,

"भाऊ, तुमाले कधी वाईट वाटलं काय?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "वाटायचं, भाभी. रोज त्या जागेपाशीच उभं राहावं लागते मले. मनात अल्लाचं नाव घ्यायचो अन् बार ठासायचो. पण कोणाले सांगू? तुमी इतक्या मायेनं लावत होत्या."

तव्यावरची भाकरी करपली. तू कधी भाकरी करपू दिली नाहीस, त्या दिवशी करपली. तू ती काढून बाजूला ठेवलीस, दुसरी टाकलीस. चाचा उठायला लागले तर तू त्यांना बसवलंस. मग बाबांकडं न पाहता, चुलीकडं पाहत म्हणालीस, "आपली पाटी काढा. आधी आपली काढा, अन् मंग साहेबाले तोंड दाखवा."

बाबांनी विचारलं, शेटजीला काय सांगू? कारण शेटजीनं माझ्या थोरल्या भावाला, दादाला, आपल्या सरकी काढायच्या जिनात मुनीम म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, आणि तुझा जीव त्या बोलण्यावर किती टांगलेला होता ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तू म्हणालीस, काई सांगू नका, पाटी न्या त्याच्या घरी. ती आपली बी नाई अन् तोफेची बी नाई.

सकाळी बाबांनी स्वतः छिन्नी लावली. सगळा तोफखाना पाहत होता. हिंदू शिपायांतले काही तोंड फिरवून उभे राहिले, एकानं बाबांना ऐकू जाईल असं काहीबाही म्हटलं. बाबांनी पाटी काढली, खिळ्यांची भोकं बुजवली, मागच्या दसऱ्याचं सांदीत राहिलेलं कुंकूही ओल्या फडक्यानं पुसलं. मग मुनशीला घेऊन साहेबांकडं गेले. तिथं काय बोलले ते त्यांनी आपल्याला घरी येऊन सांगितलं तेवढंच मला माहीत. बाबा म्हणाले, साहेब, आमचं आमी काढलं. तुमचं काढा असं सांगायले मी आलो नाई, तेवढं दाखवायले आलो. तोफ ना आमची ना तुमची, सरकारची हाय. साहेबांनी बाहेर येऊन तोफ पाहिली. त्या कोऱ्या जागेवर हात फिरवला. त्यांना वाईट वाटलं, हे बाबांनी मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, मी ती ओळ शिपायांना भेट म्हणून दिली होती. बाबा म्हणाले, आमच्या घरचं कुंकू बी भेटच होतं. दुपारी तोच तांबट कानस घेऊन परत आला. मुदत संपायच्या आत कवायत झाली, चाचांनी बार ठासला आणि वर कोणाला काही कळवलं गेलं नाही.

शेटजी रागावला. पाटी त्यानं देवळात दिली, तिथं ती शोभली. दादाचं काम मात्र गेलं. तू दोन दिवस त्याच्या ताटात जास्तीचं तूप वाढत राहिलीस. पुढं समुद्रापलीकडची लढाई संपली, भाव कोसळला, शेटजीचं जिनही बंद पडलं, आणि दादा रेल्वेच्या कामावर लागला आणि सुखात राहिला. पण हे तुला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत नसताना तू ते केलंस.

आणि मी रडले होते. तोफ उघडी केली, देवीला हाकललं, असं म्हणत मी पाय आपटत होते. तू मला धपाटा घातलास. "तोफ काय तुह्या बापानं घडवली? घरात देव हाय, त्याले लाव काय लावायचं ते." पुढच्या दसऱ्याला तू मला देवघरापुढं बसवलंस आणि पहिल्यांदा माझ्या हातानं पाच बोटं उठवून घेतलीस, देव्हाऱ्यावर, जात्यावर, विळीवर. मग आपण मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो. तोफा घासूनपुसून लख्ख होत्या, माळा नव्हत्या. तुझ्या हातात ताट नव्हतं. तू हात कुठं ठेवावे ते न कळून पदराशी चाळा करत होतीस. सलामीचे बार झाले. चाचांनी लांबून तुला पाहिलं आणि कपाळाला हात लावून आदाब केला. तू पदर डोक्यावर नीट घेतलास आणि मान खाली घातलीस, पण मी खालून पाहत होते, तू हसत होतीस.

मुलानं हे सगळं ऐकलं आणि हात धुऊन म्हणाला, उद्या मी त्या माणसांना आधी आमच्या घरी आरतीला बोलावतो, मग शाळेचं बोलतो. बोलावलं त्यानं. चारातले दोन आले. प्रसाद खाऊन गेले, शाळेचं अजून ठरलेलं नाही. मला काळजी वाटत नाही. तो शांतपणे बोलतो, माझ्या बाबांसारखा.

हे पत्र कुठं टाकणार? लिहून झालं की घडी करून लुगड्यांच्या पेटीत ठेवीन. पण एक सांगायचं आहे. त्या सालापासून ईदेला चाचांच्या घरून शीरखुर्म्याचा वाडगा यायला लागला. तू तो दोन्ही हातांनी घ्यायचीस, त्यांच्या मुलीला गूळ-खोबरं द्यायचीस, आणि ती गेली की आपल्याला तो चालत नाही म्हणून गाईपुढं ठेवून यायला मला सांगायचीस. माय, गाईनं तो कधी खाल्ला नाही. गोठ्याच्या मागं बसून मी खायचे, खारका शेवटी. फार गोड असायचा. एका वर्षी मी तापात पडले होते आणि वाडगा घेऊन तू स्वतः गोठ्याकडं गेलीस. परत यायला तुला बराच वेळ लागला.