विल्फच्या माश्यांचा हिवाळा

१४ डिसेंबर, रविवार

हलकी लागली! मधमाश्यांच्या पेटीची मागची कड शेजारच्या विल्फने सांगितल्याप्रमाणे दोन बोटांनी उचलून पाहिली. विल्फ इस्पितळातून फोनवर.

"जड आहे का?"

"जड म्हणजे किती जड?"

"ओल्या मेंढीएवढी."

इतकी वर्षं यॉर्कशरच्या या दरीत राहते, पण ओली मेंढी उचलण्याचा योग काही आलेला नाही. तसं सांगितलं.

"बरं, कोरड्या मेंढीएवढी?"

"विल्फ, मांजराएवढी म्हण."

विल्फ रेस्ट्रिक मेंढ्या सोडून बोलतो तेव्हा समजावं, प्रकरण गंभीर आहे. मग म्हणाला, "साखर ठेव. आजच."

ठेवली. साखर म्हणजे फॉन्डंट — बेकरीवाले केकवर थापतात तो पांढरा गोळा. दिसायला मळलेला मैदा, चवीला निव्वळ साखर. थंडीत माश्यांना पातळ पाक देत नाहीत, आत ओल धरते. करीच्या दुकानातून मिळणारा पारदर्शक डबा घ्यायचा, त्यात हा गोळा दाबून भरायचा, आणि डबा पेटीच्या आतल्या झाकणातल्या भोकावर उपडा घालायचा. वर जुना स्वेटर, त्यावर छप्पर. डबा पारदर्शक अशासाठी, की पेटी न उघडता वरूनच दिसावं — पंगतीला कोण बसलंय, कोण नाही.

संस्कृत शिकताना आमच्या वाट्याला आलेले सगळे भुंगे कमळात झोपायचे. डिसेंबरात ते काय खातात, हे एकाही कवीने लिहून ठेवलेलं नाही. शिक्षणात मोठीच त्रुटी राहिली.

१७ डिसेंबर

आज इस्पितळात गेले ती भेटायला म्हणून. परत आले ती मुदपाकखान्याची प्रमुख होऊन!

मॉरीन आली होती. विल्फची एकुलती एक मुलगी, लेस्टरला असते. गेल्या महिन्यात तो जिन्यावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिने एकच धोशा लावलाय — घर विका, माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात या. आज बापलेकीची चांगलीच जुंपली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने तर नीट ऐकू यावं म्हणून कानातलं यंत्र लावलं.

"घरी जाऊन करणार काय, बाबा?"

"माश्या बघणार."

"सलग दोन हिवाळे मेल्यात त्या. दरवेळी नवा थवा धरून आणता. यंदाच्याही मरतील."

"नाही मेल्या तर?"

"नाही मेल्या तर मी स्वतः तुम्हाला घरी आणून सोडीन."

"आणि मेल्या तर मी तुझ्या त्या आश्रमात मुकाट्याने बिंगो खेळत बसेन. मार हातावर हात!"

मारला. इकडे हातावर हात मारणं म्हणजे रजिस्ट्रीच. हिवाळा सरताना क्रोकसची फुलं उमलल्यावर माश्या पायाला पराग लावून आल्या की विल्फ जिंकला, तोवर नाही.

"पण त्यांना खायला कोण घालणार?" मॉरीन म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. विल्फ म्हणाला, "ही सू आहे की." सुमेधा हे नाव त्याला आजवर पेललेलं नाही.

आमची चार घरांची ओळ. त्यातली दोन आधीच सुट्टीवाल्यांची, ऑगस्टपुरते दिवे लागतात. विल्फचं विकलं की तिसरं. मग हिवाळ्यात या ओळीत मी, आणि माझ्याशी वाद घालायला रेडिओ. हे काही मी तिथे बोलले नाही. पण माश्या जगायला हव्यात. हव्यातच.

२० डिसेंबर

बर्फ. तीनदा पेटीपाशी जाऊन आले. काय बघायला, देव जाणे.

२५ डिसेंबर, नाताळ

पेटीला कान लावला. आत गुणगुण — लांबच्या देवळात कुणीतरी सहस्रनाम म्हणत बसल्यासारखी. किती बरं वाटलं! गुडघ्यापर्यंत भिजले.

विल्फसाठी मिन्स-पाय, म्हणजे इकडची नाताळची करंजी, घेऊन गेले. तो म्हणाला, "नाताळला माश्या भजन म्हणतात असं माझी आई सांगायची. म्हणाल्या का?"

"म्हणत होत्या. चाल ओळखू आली नाही."

"मेथडिस्ट पंथाच्या आहेत त्या. सगळी कडवी म्हटल्याशिवाय थांबायच्या नाहीत."

हसताना खुबा दुखला त्याचा. नर्स मलाच रागावली.

४ जानेवारी, रविवार

डबा चाटूनपुसून साफ! लगेच दुसरा ठेवला, काठोकाठ. आमच्या घराण्यात पाहुण्याला आग्रह करून आजारी पाडण्याची परंपरा आहे. ती इथे यॉर्कशरमध्ये चालवतेय.

विल्फला सांगितलं. म्हणाला, "त्यांच्या डोक्यावर ठेवलास ना?"

"मधोमध ठेवलाय. छान बसलाय."

"हं," म्हणाला. तेवढ्यात त्याचं सूप आलं.

१२ जानेवारी

डबा तसाच. जरासा कोपरा कुरतडलेला. पोट भरलं असेल.

१९ जानेवारी

अजून तसाच. विल्फ विचारतो, "खातायत ना?" मी म्हणते, "सावकाश."

मॉरीनचाही फोन येतो, "आहेत का अजून?" अतिदक्षता विभागातल्या सासूची चौकशी करावी असा आवाज. मेल्या तर ही पेढे वाटेल, असं मनात आलं. लगेच स्वतःचीच लाज वाटली. तिलाही बाप आहे, आणि तोही विल्फसारखा!

वारा थांबत नाही. वाचायला बसते, उठते, खिडकीशी जाते. चहा करते आणि प्यायला विसरते. छप्पर उडेल म्हणून पेटीवर दगड ठेवला. मग दगडाच्या ओझ्याने आत त्यांना धक्का बसला असेल म्हणून तासभर हळहळले. शहाण्या बाईने माश्या पाळू नयेत. दुसऱ्याच्या तर मुळीच नयेत.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पेटीवर टकटक केलं. उत्तर नाही. पुन्हा केलं. कान लावला. आत काहीच नाही.

झाकण उघडलं. सगळ्या एका कोपऱ्यात, मुठीएवढा घोस. काही पोळ्याच्या घरांत डोकी खुपसून, नुसती शेपटं बाहेर. शेवटचा थेंब चाटायला आत शिरल्या आणि तिथेच राहिल्या. आणि चार बोटांवर माझा डबा, काठोकाठ भरलेला!

आतल्या झाकणाला दोन भोकं आहेत, एक मधोमध, एक कडेला. मी डबा मधल्या भोकावर ठेवला, नीटस दिसतो म्हणून. त्या मात्र केव्हाच कोपऱ्यात सरकल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत माशी घोस सोडून चार बोटं चालू शकत नाही. "डोक्यावर ठेव" म्हणाला होता तो. त्यांच्या डोक्यावर! मी ताट दिवाणखान्यात मांडलं आणि पाहुणे माजघरात उपाशी मेले.

झाकण परत लावलं. का लावलं, माहीत नाही.

विल्फचा फोन आला. मी म्हटलं, "थंडी फार आहे." खोटं नव्हतं.

५ फेब्रुवारी

मॉरीनला सांगितलं. पैज तिने जिंकली होती, तिला अंधारात ठेवणं बरं नाही. "मी म्हटलंच होतं" ऐकायच्या तयारीने फोन कानापासून जरा लांबच धरला होता.

ते आलंच नाही.

"नक्की?"

"नक्की."

"बाबांना सांगितलंस?"

"जीभ रेटली नाही."

"नको सांगूस. रविवारी मी येतेय. मी बघते काय ते." आणि ठेवता ठेवता म्हणाली, "तुझी चूक नाही गं यात."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

८ फेब्रुवारी, रविवार

लीड्सला निघून गेले. काम काही नव्हतं. पळालेच, दुसरं काय. म्हाताऱ्याचा चेहरा पडलेला बघवला नसता, आणि मॉरीनचा खुललेला तर त्याहून नाही. दुकानादुकानांतून फिरले, एक छत्री घेतली. घरी तीन आहेत.

संध्याकाळी परतले तर पेटीभोवतीच्या चिखलात बुटांचे ठसे, छप्पर तिरकं बसवलेलं. स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून गेलेली दिसते. जिंकलेला माणूस पुरावा पाहणारच. तरी मला ते जिव्हारी लागलं. विल्फच्या माश्यांचं ते जणू थडगंच झालं होतं माझ्यासाठी, आणि ते कुणी उचकटावं!

छप्पर सरळ केलं. आत पाहिलं नाही.

९ फेब्रुवारी

विल्फला फोन केला, जीव मुठीत धरून. "काय म्हणाली मॉरीन?"

"काय म्हणणार? हवेवर बोलली. मोटरवेवर बोलली. मला दोन पायजमे दिले."

सांगितलंच नाही तिने! आता हे माझ्याच गळ्यात. दिवसभर येरझाऱ्या घातल्या.

१२ फेब्रुवारी

उद्या सांगणार. इस्पितळात जाऊन, समोर बसून. आरशासमोर वाक्य बसवून पाहिलं. सगळी वाक्यं शोकसंदेशासारखी होतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ऊन! पुष्कळ दिवसांनी खरंखुरं, पाठीला लागणारं. इस्पितळात जायच्या आधी पेटी साफ करावी म्हणून झाडू घेऊन गेले.

आणि दारातून माशी बाहेर आली. मग दुसरी. मग घोळकाच! एक माझ्या कपाळावर आदळली. मी ओल्या गवतात बसकण मारली.

मेल्या होत्या. मी पाहिलं होतं. की गारठल्या होत्या? थंडीने निपचित पडलेली माशी उबेने पुन्हा हलते, असं ऐकलं होतं. माझं निदान चुकलं! आयुष्यात चुकण्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

मॉरीनला फोन केला. "जिवंत आहेत! अगं, सगळ्या जिवंत आहेत!"

"हो? मग चष्म्याचा नंबर तपासून घे तू."

"तू पाहिलंस ना रविवारी?"

"मला काय कळतंय माश्यांतलं? मेलं एवढ्या थंडीत काम वाढवलंत तुम्ही. आता जिन्याला कठडा बसवून घ्यावा लागणार. न्हाणीघरात दांडा. शब्द दिलाय ना मूर्खासारखा!" पाच मिनिटं कुरकुरली. हरलेली माणसं हरल्यासारखीच बोलतात.

डबा या वेळी बरोबर डोक्यावर ठेवला. वरून टॉर्च मारून पाहिला, तेव्हाच हात काढला.

२२ फेब्रुवारी, रविवार

पराग! पायांना केशरी गोळ्या लावून चर्चच्या भिंतीकडून येतायत. क्रोकस तिथेच फुललाय. विल्फला फोनवर सांगितलं तर असा ओरडला की नर्सने येऊन नाडी पाहिली.

"मॉरीनला कळव," म्हणाला. "हळूच कळव. रडेल ती."

१ मार्च

आला घरी! मॉरीनने आणून सोडला. कठडा बसलाय, दांडा बसलाय, फ्रिजवर औषधांच्या वेळा चिकटवल्यात. जाताना ती दारात उगीचच रेंगाळली. "एकदा जरी पडलात ना, तर बघा," असं बापाला बजावलं, माझ्या हातात आपला फोन नंबर पुन्हा एकदा कोंबला आणि गाडीत बसून बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

२ मार्च

विल्फ सकाळपासून पेटीसमोर खुर्ची टाकून बसलाय. चहा दिला तर नजर न हलवता म्हणाला, "माझ्या काळ्या होत्या, सू. या पिवळ्या आहेत. सगळ्या दरीत पिवळ्या ठेवणारा एकच, टीसडेल. त्याच्याकडून आख्खी वसाहत आणून घातलीय आमच्या मॉरीनने." मग चहाचा घोट घेऊन, "तिला म्हण, म्हाताऱ्याला हल्ली काही ओळखू येत नाही. — नको, तेवढंही म्हणू नकोस. लगेच आश्रमात टाकील."