तुमच्या दादांचा गाळलेला ठोका

वन्संना वहिनीचा नमस्कार. वयाने तुम्ही धाकट्या, पण वाकायचं मीच, तेव्हा घ्या. गुडघा कसा आहे? माझे दोन्ही गेले, तोंड शाबूत आहे.

मंगळवारी सकाळी अकराला तुमचे दादा भेटले. (चष्मा लावला होता.) जाऊन सहा वर्षं झाली तरी भेटले, ते असे: दवाखान्यात असताना त्यांनी दंडाची कणभर चामडी संशोधनाला दिली होती, मला न विचारता (मला विचारून त्यांनी जन्मात फक्त मीठ मागितलं). तिच्यातून एका प्रयोगशाळेने हृदयाचे कण वाढवले. ते काचेच्या बशीत आपसूक धडधडतात. त्यातले थोडे दुसऱ्या प्रयोगशाळेला धाडले. दोघी मिळून औषध शोधतात, कारण दादा ज्याने गेले तो हृदयाचा रोग घराण्यात उतरतो म्हणे. पण एक म्हणते औषध लागू पडतं, दुसरी म्हणते कशाचं काय. पैसा पुरवणारे वैतागले आणि काम बंद करून बशा फेकायच्या का, हे ठरवायला बैठक बोलावली. तिथे एक खुर्ची रुग्णाच्या घरच्याची असते, ती मला दिली. तिने एवढंच विचारायचं, की याचा माणसांना उपयोग काय. मी चौथी नापास, पण हा प्रश्न तुमच्या दादांना चाळीस वर्षं विचारलाय.

दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईने पडद्यावर दोन बशा दाखवल्या, एक यांची आणि एक तुलनेला ठेवलेल्या कुणा धडधाकट माणसाची. वर नावं नाहीत, नुसते आकडे. "आजी, हे तुमचे यजमान," म्हणाली. बघते तर ठोका घड्याळासारखा! मी म्हटलं, हे नव्हेत. पैसा पुरवणाऱ्यांचे मोठे साहेब गालात हसले. मी शेजारच्या बशीकडे बोट केलं. चार ठोके, एक गाळलेला, मग घाईने दोन, मागे राहिलेला माणूस पळत यावा तसे. त्या छातीवर कान ठेवून मी जन्म काढला (उशी एकच होती, ती त्यांच्याकडे). तोंडातून निघून गेलं, "अहो, पुरे!" आणि वन्सं, ते थांबलं. बाई घड्याळ बघत राहिली. नऊ सेकंद. मग पुन्हा चार, एक गाळलेला, दोन. बाई म्हणाली, बशी गार पडली असेल. असेल. जिवंतपणी एकदा ऐकलं असतं तर मीही इतकी गार पडले नसते.

मग शोधाशोध झाली. बाईच्या प्रयोगशाळेत बशांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. दोन वर्षं त्या धडधाकट माणसावर औषध ओतत होते! काम बंद करायचं राहिलं. साहेबांनी मला स्वतः चहा आणून दिला, पण घाईत अर्धा बशीत सांडला. (त्या बशीतला मी प्यायले नाही.)

ता. क. औषध दादांना लागू पडलं. सरळ झालेला ठोका मला दाखवला. तो माणूस माझ्या ओळखीचा नाही, मी परत जाणार नाही.

ता. क. आता प्रयोगशाळेतल्यांना तपासायला दादांच्या रक्ताच्या नात्यातलं जिवंत माणूस हवंय. दादा गेले त्या आठवड्यात तुम्ही एका दुपारी रडून रडून माझ्या कुशीत झोपलात. चार ठोके, एक गाळलेला, दोन. सहा वर्षं बोलले नाही; सांगून उपयोग काय होता? आता आहे. बाईचा नंबर पाठीमागे लिहिलाय. निमूट जा. तुम्हाला बशीत ओळखायची वेळ माझ्यावर आणू नका.