हर्षालीच्या पाठवणीची तयारी

१० जानेवारी १९९९, रविवार
मिसळीसाठी सहा कांदे चिरले. बायको, प्रतिभा, दोन हात लांब उभी राहूनही डोळे पुसत होती. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. रोज ध्यान करतो त्याचा परिणाम. (रोज म्हणजे गणपतीपासून, मधला दीड महिना सोडून.)

१९ जानेवारी
लेकीचं, हर्षालीचं, लग्न ठरलं. मुलगा सिन्नरचा, लग्न ९ मे. थोरली बहीण नवसाताई म्हणाली, जयराम, पाठवणीला तुला धराया चार माणसं लागतील. मी नुसता हसलो.
ठराव : पाठवणीला रडायचं नाही. भावकीला एक आदर्श घालून द्यायचा.

९ फेब्रुवारी
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं. कंपनीच्या वाटेवरच्या द्वारका चौकातली धूळ, दुसरं काय. पोळी पाण्याशिवाय गिळत नाही, पण तो पोळीचा दोष. अंबडला कंपनीच्या मीटिंगमध्ये जीभ टाळूला चिकटली, दोन मिनिटं बोलताच येईना. साहेबांना वाटलं मी विचार करतोय. कंपनीत माझं वजन वाढलं.

२ मार्च
प्रतिभाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. त्यांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांत ती भिजायला हवी म्हणे. माझी कोरी करकरीत! मी खूश. डॉक्टर नाहीत. रक्त तपासायला सांगितलं.

११ मार्च
जोग्रेन्स सिंड्रोम. शरीराचं रक्षण करणारं सैन्यच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर चालून जातं, असं डॉक्टर म्हणाले. भावकीचा प्रकार, मी लगेच ओळखला. पूर्ण जात नाही, सांभाळावा लागतो. कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स दिवसातून सहा वेळा, घोट घोट पाणी, दातांची काळजी.
हा बायकांना जास्त होतो, असंही म्हणाले. कुणाला सांगायचं नाही.
ध्यानाचा काही संबंध नाही, असं प्रतिभा म्हणते. थोडा असणारच.

२८ मार्च
ताई आली होती. गावातल्या कुणाची तरी गोष्ट सांगत होती. पाठवणीला बापाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तर बायका म्हणाल्या की लेक जड झाली होती याला. ताईला आजार सांगावा? नको. हर्षालीच्या सासरी कळलं तर सोयरीक मोडायची.
हर्षाली जड झाली म्हणे! माझी हर्षाली!
सुधारित ठराव : थोडं रडायचं. बेताने.

१४ एप्रिल
आरशासमोर सराव. आजोबांचं जाणं आठवलं, दहावीचं गणित आठवलं. तोंड भयंकर वाकडं होतं, बाकी काही नाही. प्रतिभाने दार उघडून विचारलं, दात दुखतोय का. हो म्हणालो.

८ मे, हळद
योजना पक्की. पाठवणी चार वाजता. चारला दहा मिनिटं असताना मांडवामागे जाऊन ड्रॉप्स चार-चार थेंब. ते गालावर सुरेख ओघळतात, तीनदा करून पाहिलं. बाटली सफारीच्या खिशात. काळजी मिटली.

१० मे, सकाळी
लिहायचं नव्हतं, पण लिहितो.
काल तीन पन्नासला ड्रॉप्स घातले. उत्तम ओघळले. तेवढ्यात नवरदेवाचे बूट सापडेनात. मेहुण्यांनी लपवले होते, आणि कुठे ते तेच विसरले. बूट सापडले सव्वापाचला. गाल वाळून खडखडीत. बाटलीत थेंब नाही, सकाळपासून तालमीतच संपत आली होती, उरलं ते तीन पन्नासला गेलं.
हर्षाली गळ्यात पडली. तिला सुखाने राहा म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि एकदम मी भोकाड पसरलं. सगळे ठराव बोंबलले. मांडवातल्या पोरी घाबरल्या. व्हिडिओवाला दिवा घेऊन जवळ आला. ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, नुसता आवाज हाय, पाणी कुठंय?
त्यावर व्याही म्हणाले, अहो, त्यांना तो कोरड्या डोळ्यांचा आजार हाय ना, बायकांना जास्त होतो तो. ते माईकपाशीच उभे होते. प्रतिभाने त्यांना एप्रिलमध्ये साखरपुड्यालाच सांगितलं होतं. मांडवात सगळ्यांना माहीत होतं म्हणे, ताई तेवढी राहिली होती. सगळ्यांना माहीत आहे हे फक्त मलाच माहीत नव्हतं.
मला खाली बघावंसं वाटलं. पण हर्षालीने शालूच्या पदराने माझे दोन्ही गाल पुसले. पुसायला काही नव्हतं. तरी नीट पुसले, आधी उजवा, मग डावा.