आजीचे हात

प्रिय अखिला,

तुझ्या पहिल्या बाळंतपणाला मी माहेरचं दार बंद ठेवलं. गच्ची गळते, घरभर सिमेंट पसरलंय, अशी थाप मारली. गच्चीला काही झालेलं नाही. मधल्या खोलीत माझ्या जुन्या साडीची झोळीसुद्धा बांधून ठेवली होती. तू पुण्याला सासरी, श्रीकररावांच्या घरीच बाळंत झालीस. नंदिता तीन महिन्यांची झाली, आणि अजून फोनवर ‘बरी आहे, ठेवते’ याच्या पलीकडे तू बोलत नाहीस. रागाव, हक्क आहे तुझा.

माझ्या कोपरांवरचं सोरायसिस तुला ठाऊकच आहे. गेल्या पोंगलनंतर ते तळहातांवर उतरलं. सालपटं निघतात, भेगांतून रक्त येतं. व्हिडिओवर मी हात मेजाखाली ठेवते, आणि तुला वाटतं म्हातारी ताठ बसायला शिकली! दारात पिठाच्या रांगोळीचं कोलम घालणं थांबलं. वीणेची तार दाबवत नाही, शिकवणीच्या मुलींना नुसतं गाऊन शिकवते. कोपऱ्यावरची फूलवाली मोगरा हातावर न देता पायरीवर ठेवते, म्हणून मी फुलं घ्यायचंच सोडलं. आठवडेच्या आठवडे माणसाचा हात लागत नाही गं. फार एकटं वाटतं.

हे स्पर्शाने पसरत नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण कळतं पण वळत नाही. बाळाला तेल लावून पायांवर न्हाऊ घालायचं ते आजीने. त्या वेळी माझे हात बघून तू क्षणभर जरी थबकली असतीस, तरी मला ते सोसलं नसतं. म्हणून तुला सातवा लागला तेव्हा, कुणाला न सांगता, कोकणात गंधकाच्या गरम कुंडांवर गेले. एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ. पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास, पण तिथे कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही. माझी तंजावरी मराठी ऐकून बायका हसायच्या, कुठल्या बखरीतून उतरलात म्हणून विचारायच्या. एके सकाळी शेजारच्या बाईने मला पाठ चोळून द्यायला सांगितलं. मी तिला माझे हात दाखवले. तिने बघितले, आणि काथ्या माझ्या हातात ठेवला. मी चोळत राहिले आणि रडत राहिले.

भेगा भरल्या, खाज थांबली. पण घरी येऊन महिना झाला नाही तोच सालपटं परत आली. पाण्याने आराम पडतो, रोग जात नाही, हे तिथेही सांगितलं होतं. मग मी गच्चीची थाप मारली.

तुला देवनागरी वाचता येत नाही. तमिळमध्ये लिहिलं असतं तर तू स्वतः वाचलं असतंस. तसं केलं नाही, ते मुद्दाम. जावईबापू, पाकिटावर तुमचं नाव आहे, म्हणजे आत्ता हे तुम्ही एकटेच वाचत असाल. मूल तुमचंही आहे, तुमच्यापासून लपवून मी त्याला हात लावणार नाही. मला नंदिताला न्हाऊ घालायचं आहे, याच हातांनी. मनात किंतु नसेल, तर हे अखिलाला मोठ्याने वाचून दाखवा. असेल, तर फाडून टाका. तिला मी निर्दय वाटतेच आहे, तशीच वाटू दे. माझ्यापायी तुमच्या दोघांत तेढ नको.

तुझीच,
आई